बुजगावण्याचा पाठलाग : ‘नोस्फेरातू’ आणि त्याचा प्रेक्षक

भयपट हा आपल्याकडे गंभीर समीक्षेचा विषय मानला जात नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांना मराठीत मोठा वाचकवर्ग लाभला, पण त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षकांनी हात आखडताच घेतला. चित्रपटांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. रामसे बंधूंचे चित्रपट गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये आणि व्हिडिओ पार्लरमध्ये तुफान चालले, पण त्यांचे नाव सुशिक्षितांच्या बैठकीत निघाले की लोक हसतात. वास्तविक एखादा समाज कशाला भितो, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने त्या समाजाचे भयपट आधी पाहावेत. प्रबंधात माणूस जपून बोलतो. अंधाऱ्या थिएटरात मात्र त्याची भीती उघडी पडते.

रक्तपिपासू पिशाच्चाच्या चित्रपटांची परंपरा ज्या चित्रपटापासून खऱ्या अर्थाने सुरू झाली, तो ‘नोस्फेरातू’ हा जर्मन मूकपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, पटकथाकार हेन्रिक गालेन. आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जगभर हा चित्रपट पाहिला जातो. मुस्लिम वाचकांच्या वार्षिकात त्याच्यावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर चित्रपटाच्या कथेतच आहे. एक परका माणूस दूर पूर्वेकडून येतो, आपल्या शहरात घर विकत घेतो आणि त्याच्यामागोमाग रोगाची साथ येते, अशी ही कथा आहे. ‘परका’, ‘घर’ आणि ‘साथ’ हे तीन शब्द आपल्या ओळखीचे आहेत.

कथा थोडक्यात अशी. १८३८ सालचे विसबोर्ग नावाचे एक काल्पनिक जर्मन बंदर. तेथे नॉक नावाचा घरांचा दलाल आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील काउंट ऑर्लोकला विसबोर्गमध्ये घर हवे आहे. नॉक आपल्या हाताखालच्या हुटर या तरुणाला भरपूर पैशांचे आमिष दाखवून व्यवहारासाठी तिकडे पाठवतो. गंमत म्हणजे जे घर विकायचे ते हुटरच्या स्वतःच्या घरासमोरचेच पडीक घर. हुटरची पत्नी एलेन अस्वस्थ होते, पण तो हसत हसत निघतो. वाटेतल्या सराईत त्याला पिशाच्चांविषयीचे एक पुस्तक सापडते, तेही तो हसून फेकून देतो. किल्ल्यात जेवताना त्याचा अंगठा कापतो आणि काउंटची नजर त्या रक्तावर खिळते. पुढे एलेनची छोटी तसबीर पाहताच काउंट घराच्या करारावर सही करतो. मग मातीने भरलेल्या शवपेट्या घेऊन तो जहाजाने निघतो. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात. निर्मनुष्य जहाज गुपचूप बंदराला लागते, उंदीर बाहेर पडतात आणि शहरात प्लेग पसरतो. शेवटी एलेन ते पुस्तक वाचते. निर्मळ मनाच्या स्त्रीने स्वेच्छेने स्वतःला अर्पण करून कोंबडा आरवेपर्यंत पिशाच्चाला रोखून धरले, तर त्याचा नाश होतो असे त्यात लिहिलेले असते. ती खिडकी उघडते. सूर्य उगवतो, ऑर्लोक धूर होऊन विरतो, आणि एलेनही प्राण सोडते.

ही कथा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता उचललेली होती. नावे बदलली तरी चोरी लपली नाही. स्टोकरच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा केला. निर्मिती करणारी प्राना ही कंपनी तोवर दिवाळ्यात निघाली होती. १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. पण काही प्रती परदेशात गेलेल्या होत्या, त्या वाचल्या. मरणोत्तर जगणाऱ्या पिशाच्चाचा चित्रपट स्वतःच मृत्युदंडातून वाचला!

एक गोष्ट मात्र मुर्नाऊच्या चित्रपटाने स्वतःची दिली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, सूर्यप्रकाशात त्याची शक्ती फक्त उणावते. सूर्यकिरणांनी पिशाच्च मरते हा संकेत ‘नोस्फेरातू’ने रूढ केला. १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’ने तो रंगीत पडद्यावर आणला. १९६७ मध्ये लाहोरला ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ काढला, त्यातला प्रोफेसर तबानीही सूर्यप्रकाशातच संपतो. कादंबरीतील क्रूस आणि पवित्र पाणी लाहोरच्या प्रेक्षकाला चालणारे नव्हते, पण सूर्य चालला. सूर्याला धर्म नाही.

या प्रवासाचा आणखी एक टप्पा आपल्या वाचकांना रंजक वाटेल. तुर्कस्तानात १९५३ मध्ये मेहमेत मुहतार यांनी ‘ड्रॅक्युला इस्तंबूलमध्ये’ हा चित्रपट केला. तो अली रिझा सेयफी यांच्या १९२८ च्या कादंबरीवर आधारलेला होता. तिथे क्रूस गेला आणि लसूण राहिला. पण खरी गोष्ट याहून खोल आहे. ज्या व्लाद राजाच्या नावावरून स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ हे नाव घेतले, तो पंधराव्या शतकात उस्मानी सुलतान दुसरा महंमद याच्याशी लढला होता, आणि माणसांना सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. स्टोकरचा काउंटही आपल्या पूर्वजांनी तुर्कांशी केलेल्या लढायांची फुशारकी मारतो. म्हणजे जो आपल्या प्रदेशात स्वतःला तुर्कांविरुद्धचा ख्रिस्ती पहारेकरी समजत होता, तोच लंडनला पोहोचताच पूर्वेकडून आलेले संकट ठरला. इस्तंबूलच्या प्रेक्षकासाठी तो पुन्हा पश्चिमेकडून आलेला जुना शत्रू झाला. पिशाच्च एकच, पण प्रेक्षक बदलला की त्याचा पत्ता बदलतो. परका कोण हे परक्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते.

आता मूळ चित्रपटाकडे वळू. मॅक्स श्रेक या नटाने उभा केलेला ऑर्लोक पुढच्या साऱ्या देखण्या, काळ्या झग्यातल्या ड्रॅक्युलांपेक्षा वेगळा आहे. टक्कल, टोकदार कान, बाकदार नाक, पुढचे दोन दात उंदरासारखे, लांब वाढलेली नखे. तो माणसापेक्षा उंदराच्या जवळचा वाटतो. हे रूप पाहून अनेक अभ्यासकांच्या मनात शंका आली. त्या काळी युरोपात ज्यूंची जी कुत्सित व्यंगचित्रे छापली जात, त्यांत असेच नाक, अशीच बोटे असत. पहिल्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून जर्मनीत आलेल्या ज्यूंविषयी तिरस्कार पसरवला जात होता. पूर्वेकडून येणारा, सोबत उंदीर आणि रोग आणणारा, शहरात घर घेणारा हा काउंट त्या तिरस्काराची प्रतिमा नव्हे काय? हा प्रश्न हवेतला नाही. १९४० मध्ये नाझींनी ‘चिरंतन ज्यू’ नावाचा प्रचारपट काढला. त्यात ज्यूंच्या स्थलांतराची दृश्ये आणि उंदरांच्या झुंडी एकापाठोपाठ दाखवल्या आहेत. त्यानंतर काय घडले ते जगाला ठाऊक आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पटकथाकार गालेन ज्यू होता. नॉकची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख हा गॅलिशियातून आलेला ज्यू नट होता आणि नाझी सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावी लागली. हुटर झालेला गुस्ताव फॉन वांगेनहाइम कम्युनिस्ट होता, तोही देशोधडीला लागला. जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू समीक्षक सिगफ्रीड क्रॅकाउअर याने १९४७ मध्ये जर्मन सिनेमावर ग्रंथ लिहिला. त्याला ऑर्लोकमध्ये ज्यू दिसला नाही, हुकूमशहा दिसला. रक्त शोषणारा जुलमी, ज्याच्यापुढे सारे शहर हतबल होते. एकाच आकृतीत एका प्रेक्षकाला छळ सोसणाऱ्याची बदनामी दिसते आणि दुसऱ्याला छळ करणाऱ्याची चाहूल लागते.

मग खरे काय? माझ्या मते कलावंताच्या हेतूचा शोध घेत बसण्यापेक्षा चित्रपटात काय आहे ते नीट पाहावे. आणि तिथे एक दृश्य आहे, ज्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. ऑर्लोकच्या आगमनापूर्वीच नॉक वेडा होऊन कोठडीत गेलेला असतो. प्लेगमध्ये माणसे मरू लागतात. घरांच्या दारांवर खडूने खुणा केल्या जातात, अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग जाते आणि एलेन खिडकीतून ती पाहते. अशात नॉक पहारेकऱ्याचा जीव घेऊन पळतो. भेदरलेल्या शहराला बळी हवा असतो. जमाव नॉकच्या मागे लागतो, तो छपरावर चढला की दगड मारतो, शेतांतून त्याचा पाठलाग करतो. दूरवर एक आकृती दिसते. जमाव तिच्यावर तुटून पडतो आणि तिच्या चिंध्या करतो. ते असते शेतातले बुजगावणे.

हे दृश्य जेमतेम काही क्षणांचे आहे. काही प्रेक्षक त्याला हसतातही. पण साऱ्या चित्रपटाची किल्ली मला तिथे सापडते. नॉक निर्दोष नाही, त्याच्या हातून खून झालेला आहे. पण जमाव त्याला खुनासाठी शोधत नाही, साथीसाठी शोधतो. आणि ज्या वेळी जमाव चिंध्या फाडत असतो, त्या वेळी खरे संकट पडीक घराच्या खिडकीत निवांत उभे असते. ज्याने घराचे कागद हौसेने पोहोचवले तो हुटर घरी सुखरूप आहे. त्याला कोणी विचारत नाही. पिशाच्च या शहरात भिंत फोडून आलेले नाही. ते करारावर सही करून, दलालाला पैसे देऊन आलेले आहे. क्रॅकाउअरचा हुकूमशहा जर खरा मानला, तर तोही असाच कायदेशीर दाराने आत येतो, हे विसाव्या शतकाने पुन्हा पुन्हा पाहिले.

म्हणजे ‘नोस्फेरातू’ हा दुहेरी चित्रपट आहे. एका हाताने तो परक्याला रोगाचे रूप देतो. दुसऱ्या हाताने रोगाच्या काळात माणसे कशी परका शोधत सुटतात, हे दाखवून देतो. पहिला हात भीती देतो, दुसरा हात त्या भीतीची शहानिशा करतो. त्याला सरसकट द्वेषपट म्हणणे अन्यायाचे होईल आणि निव्वळ कलाकृती म्हणून डोक्यावर घेणे भाबडेपणाचे होईल.

महाराष्ट्राला हे बुजगावणे नवे नाही. स्टोकरची कादंबरी आली त्या १८९७ सालीच पुण्यात प्लेग होता आणि रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत १८९६ मध्ये साथ सुरू झाली तेव्हा घरझडतीची दहशत रोगाइतकीच होती. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणीवरून संघर्ष पेटला आणि दंगल झाली. प्लेगवरची लस मुंबईत तयार करून आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू शास्त्रज्ञ होता, ही गोष्टही विसबोर्गच्या कथेशेजारी ठेवून पाहावी. तिथे परका साथ आणतो. इथे परक्याने साथीवर औषध आणले.

अगदी अलीकडचे उदाहरण २०२० चे. करोनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तबलिगी जमातीच्या निमित्ताने सबंध मुस्लिम समाजाकडे रोगवाहक म्हणून बोट दाखवले गेले. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि आपत्तीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, तसा या लोकांचा शोधला गेला असावा, अशा आशयाचे मत नोंदवले. शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटातील पाटी आणि आपल्या न्यायालयाचे निकालपत्र एकच गोष्ट सांगतात! मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून ज्याला भाड्याचे घर नाकारले गेले आहे, त्याला तर हा चित्रपट आणखी वेगळा दिसेल. समोरच्या घरात कोण राहायला येणार, या प्रश्नाने विसबोर्गची झोप उडते. आपल्या सोसायट्यांचीही उडते.

परंतु येथे थांबलो तर आपण अर्धाच चित्रपट पाहिला असे होईल. आपण नेहमी ऑर्लोकच्या किंवा बुजगावण्याच्याच जागी असतो काय? पाठलाग करणाऱ्या जमावात आपण कधीच नसतो काय? मोहल्ल्यात मूल सतत आजारी पडले की एखाद्या एकट्या बाईकडे संशयाने पाहणारे कोण असतात? मनाचा आजार असलेल्या मुलीला डॉक्टरकडे न नेता जिन्न उतरवणाऱ्या बाबाकडे नेणारे, तिला साखळीने बांधणारे, मारहाण सोसायला लावणारे कोण असतात? महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो सर्वच धर्मांतील भोंदूंसाठी आहे आणि आपल्या मोहल्ल्यांनाही त्याची तितकीच गरज आहे. स्वतःवरचा अन्याय ओळखणारी नजर घरातल्या अन्यायापाशी मिटत असेल, तर ती नजर अपुरी आहे.

याच संदर्भात एलेनकडे पाहिले पाहिजे. शहर वाचते ते तिच्या मरणाने. ग्रंथ सांगतो की स्त्रीने आपले रक्त द्यावे, आणि ते दिले जाते तेव्हा नवरा प्रोफेसरला बोलवायला गेलेला असतो. पुरुषाने परक्याशी सौदा केला, त्याची किंमत स्त्रीने चुकवली. तिच्या निवडीला मुर्नाऊने विलक्षण प्रतिष्ठा दिली आहे हे मान्य. जिन्यावरून चढणारी ऑर्लोकची सावली आणि त्या सावलीच्या पंजाने एलेनचे हृदय मुठीत धरणे हे दृश्य जागतिक सिनेमातील अजरामर दृश्यांपैकी एक आहे. पण घराण्याच्या, जमातीच्या, शहराच्या भल्यासाठी नेहमी तिनेच का मरावे, हा प्रश्न त्या सौंदर्यामुळे पुसला जाऊ नये.

या चित्रपटाला आजचा प्रेक्षक कसा प्रतिसाद देतो? तरुण प्रेक्षक आधी हसतो. हुटरचे खिदळणे, धावत्या बग्गीची यांत्रिक गती, नटांचे मोठे हावभाव त्याला विनोदी वाटतात. पुष्कळदा दोष प्रतीचाही असतो. मूळ चित्रपटात रात्रीची दृश्ये निळ्या रंगछटेत होती. ती छटा नसलेल्या प्रतीत ऑर्लोक शवपेटी काखेत घेऊन भर दिवसा हिंडताना दिसतो आणि भीतीचे हसे होते. रंगछटांसह दुरुस्त केलेली प्रत पाहणाऱ्याचा अनुभव अगदी निराळा असतो. जहाजावर शवपेटीतून ताठ उठणारा ऑर्लोक आला की हसणे थांबते, आणि जिन्यावरची सावली येईपर्यंत थिएटर शांत झालेले असते. आपण ज्याला हसलो त्याच्याच छायेत आलो, ही जाणीव हुटरलाही होते आणि प्रेक्षकालाही.

मुस्लिम प्रेक्षकाच्या प्रतिसादात एक आणखी पदर आहे. मेलेला माणूस कयामतच्या दिवसापर्यंत उठत नाही, ही आपली श्रद्धा. कब्रस्तान आपल्याला भयाची जागा वाटत नाही. तिथे आपण जियारतला जातो, फातिहा पढतो, आईवडिलांच्या मातीशी दोन क्षण बसतो. उलट हिंदी भयपटाने १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून पुरलेल्या प्रेताला भीतीचे भांडवल केले. म्हणून अशा चित्रपटांपुढे आपला प्रेक्षक एकतर ‘हे सारे झूट आहे’ म्हणून मोकळा होतो, नाहीतर ‘हे पाहणेच गैर’ म्हणून उठून जातो. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत. पण ‘नोस्फेरातू’ला प्रेत उठते की नाही याचा निवाडा करायचा नाही. प्रेताच्या भीतीने जिवंत माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे त्याला दाखवायचे आहे.

पुढच्या दिग्दर्शकांनी हा धागा आपापल्या परीने ओढला. वर्नर हर्झोगने १९७९ मध्ये केलेल्या आवृत्तीत पिशाच्च दयनीय आहे. मरता न येणे हाच त्याचा शाप. आणि पिशाच्च मेल्यावरही तिथे संकट संपत नाही, ते नवऱ्याच्या अंगात शिरून घोड्यावर बसून पुढे निघते. रॉबर्ट एगर्सच्या २०२४ च्या आवृत्तीत भर आहे तो एलेनच्या मनातील अंधारावर, तिच्या एकटेपणावर आणि वासनेवर. शहर आणि साथ तिथे मागे सरतात. त्यातली छायाचित्रणाची किमया मोठी आहे, पण बुजगावण्यामागे धावणाऱ्या त्या जमावाची सर तिला येत नाही असे माझे मत आहे. एकट्या माणसाच्या मनातल्या भुतापेक्षा जमावाच्या मनातले भूत अधिक जीव घेते.

मुस्लिम मराठी साहित्याने आजवर वास्तववादी कथा-कवितेतून आपले दुःख मांडले. ते आवश्यकच होते. पण भीती मांडण्यासाठी अद्भुताचा मार्गही आहे, हे आपल्या नव्या लेखकांनी ध्यानात घ्यावे. परका म्हणून पाहिले जाणे म्हणजे काय, समोरच्या खिडकीतून आपल्यावर रोखलेल्या डोळ्यांत आपली आकृती कशी दिसत असेल, हे सांगायला कदाचित वास्तवापेक्षा भयकथाच अधिक उपयोगी पडेल. अशी कथा विसबोर्गमध्ये घडण्याची गरज नाही. ती मालेगावात, मिरजेत, मुंब्र्यात घडू शकते. मात्र ती लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे. बुजगावण्याच्या चिंध्या मोजताना त्या फाडणाऱ्या हातांतले आपले हातही मोजावेत.